मल्लखांब हा खेळ की कसरत? पंचांच्या टेबलामागून एक उत्तर

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत, चार वर्षं दोरीच्या मल्लखांबावर सराव करते. घरात आजोबा म्हणतात, "हा व्यायाम झाला, खेळ नव्हे. खेळ म्हटला की समोर कुणीतरी लागतं." धाकटा मुलगा बुद्धिबळाच्या स्पर्धांना जातो, त्याला मात्र सगळे खेळाडू म्हणतात. दहीहंडीलाही सरकारने खेळाचा दर्जा दिला. मग एखादी गोष्ट खेळ आहे हे ठरतं कशावरून, आणि ते ठरवतं कोण?

आजोबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आजचा मल्लखांब ज्या बाळंभटदादा देवधरांमुळे आपल्यापर्यंत आला, ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. त्याआधीचा उल्लेख थेट बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो. पण बाळंभटदादांपासून पुढची जवळजवळ दीडशे वर्षं पाहिली, तर आजोबांचंच खरं आहे. मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. जोडीदार नसेल तेव्हा पैलवानाने खांबाशी झुंजायचं, पकडी घोटायच्या, मांड्या आणि पोटऱ्या कसायच्या. खांबाच्या भागांची नावंसुद्धा माणसासारखीच, सगळ्यात वर बोंड, खाली मान, त्याखाली अंग. तालमीत खांबाला एरंडेल लावायचं, तासभर अढ्या, म्हणजे पायांनी खांबाला घट्ट धरायच्या पकडी, मारायच्या आणि मग मातीत उतरायचं. यात कुणी जिंकत नव्हतं, कुणी हरतही नव्हतं. वेताच्या मल्लखांबाचंही तसंच. पुढे चांगला वेत मिळेनासा झाला आणि त्याच्या जागी सुती दोर आला, तोच तुमच्या मुलीचा मल्लखांब. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला गेला तोही भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवायला, पदकासाठी नव्हे.

मग बदललं काय? खांब तोच, दोर तोच, पद्मासन आणि निद्रासनही तेच. १९५८ साली दिल्लीत राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेबरोबर मल्लखांब आला. जानेवारी १९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांब फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहिली आणि पहिल्यांदा देशभरासाठी एक नियमावली झाली. माझ्या लेखी मल्लखांब खेळ झाला तो या कागदामुळे. असं का म्हणते, त्यासाठी माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल.

मी दोराला हात लावला तेव्हा फेडरेशन होऊन दोन वर्षंही उलटली नव्हती. आमच्या गावापर्यंत नियमावली पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. बारा वर्षांची असताना एका उत्सवातल्या स्पर्धेत उतरले. पंच म्हणून बसले होते गावातले मान्यवर. त्यांतल्या एकानेही कधी दोर धरला नव्हता, पण मनाने सगळे चांगले होते. मी नऊ आसनं केली, एकही पकड सुटली नाही. माझ्यानंतरची मुलगी दोन्ही हातांत पेटते पलिते घेऊन वर गेली. मंडप टाळ्यांनी दणाणला आणि पहिला नंबर तिला मिळाला. ती मुलगी उत्तम होती, तिच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं. पण घरी जाताना मी सरांना विचारलं, "माझं काय चुकलं?" सर बराच वेळ गप्प चालत राहिले. मग म्हणाले, "चुकलं असं काही नाही गं."

ते उत्तर मला फार लागलं. नंबर गेला याचं दुःख चार दिवसांत ओसरलं. पण उद्यापासून सरावात काय सुधारायचं, हे जगात कुणालाच सांगता येत नव्हतं. आज इतकी वर्षं प्रशिक्षण आणि पंचगिरी केल्यावर खेळाची माझी कसोटी तिथेच येऊन थांबते. हरलेल्याला हरण्याचं कारण सांगता आलं पाहिजे. ते कारण त्याच्या स्वतःच्या करण्यात सापडायला हवं. आणि जिंकलेला, हरलेला, पंच, तिन्ही जणांना ते स्पर्धेआधीपासून मान्य असायला हवं.

आता टेबलामागून दिसतं ते सांगते. जिल्हा पातळीची स्पर्धा, शाळेचा हॉल, दुपारची वेळ. वरच्या हुकाला दोर टांगलेला, खाली गाद्या. तेरा वर्षांची एक मुलगी येते, पंचांना नमस्कार करते आणि दोर पायाच्या अंगठ्यात व शेजारच्या बोटात धरते. दोराला गाठ मारायची नाही, ही यातली मुख्य गोष्ट. सगळा भार वेढ्यांवर आणि अंगठ्याच्या पकडीवर. दीड मिनिटाच्या आत तिला आपला संच पुरा करायचा असतो. आसनं हवीत, वेगवेगळ्या पकडी हव्यात, चढताना आणि उतरतानाही रचना हवी. ती वर जाते, कमरेला वेढा घेते, हात सोडते आणि निद्रासनात आडवी होते. डोक्याखाली एक हात, जणू खाटेवर निजली आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्याच क्षणी तिचा अंगठा दोरावर दोन बोटं सरकतो आणि ती हलकेच पकड नीट करून घेते. हॉलमध्ये कुणाच्याही हे लक्षात येत नाही. टेबलावर मात्र चारही पंचांच्या पेन्सिली एकदम खाली टेकतात.

आम्ही एकमेकांच्या कागदात डोकावत नाही. संचाची काठिण्यपातळी ठरलेली असते. कोणतं कौशल्य सोपं, कोणतं मध्यम, कोणतं कठीण याची यादी सगळ्यांकडे असते. सफाईचे गुण दशांशात कापले जातात. गुडघा वाकला, पंजा ताणलेला नाही, आसन स्थिर व्हायच्या आत सोडलं, दम घ्यायला थांबली, दोर उगीच हलवला, प्रत्येकाची वजावट लिहिलेली. शेवटी सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण बाजूला काढून मधल्यांची सरासरी घेतात, म्हणजे एखाद्या पंचाची माया किंवा आकस निकालात उतरत नाही. त्या दिवशी त्या मुलीचं पदक अगदी थोडक्याने हुकलं. निकालानंतर तिच्या बाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "निद्रासनात उजवा अंगठा सरकला. वेढा एक वीत खाली घेतला होतास." तिने डोळे पुसले आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोच वेढा घोटत होती, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. मला बाराव्या वर्षी जे मिळालं नव्हतं, ते हे.

आता आजोबांचा मुद्दा घेऊ, समोर कुणीतरी हवं. कबड्डी, कुस्ती, खो-खो डोळ्यांसमोर ठेवले तर हे बरोबर वाटतं. पण कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या समोर होतं फक्त एक लक्ष्य. लांब उडी, भालाफेक, वजन उचलणं यांत कुणी कुणाला अडवत नाही. प्रत्येकजण एकाच मापाशी भिडतो आणि मग मापं शेजारी ठेवून पाहतात. समोरासमोर भिडणं हा खेळाचा एक प्रकार आहे, मापाशी भिडणं हा दुसरा. आजोबांच्या मनात पहिला ठसलेला आहे, कारण आपल्याकडचे मैदानी खेळ बहुतेक पहिल्या जातीचे.

यावर कुणी म्हणेल, नेम आणि उडी यांचं माप यंत्राने निघतं, मल्लखांबाचं माणसाच्या डोळ्याने. यात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. डोळा चुकतो. २००४ साली अथेन्समध्ये दक्षिण कोरियाचा जिम्नॅस्ट यांग ते-यंग याच्या समांतर बारवरील संचाची सुरुवातीची किंमत, म्हणजे जिच्यातून वजावट होते तो आकडा, १० ऐवजी ९.९ धरली गेली. त्याला कांस्य मिळालं, सुवर्ण अमेरिकेच्या पॉल हॅमला गेलं आणि मोठा गदारोळ झाला. पण तिथे काय झालं पाहा. चूक नेमकी कुठे, किती आणि कोणत्या रकान्यात झाली हे दाखवता आलं. २००६ पासून जिम्नॅस्टिक्सची गुणपद्धतच बदलली, काठिण्य आणि सफाई वेगळी मोजू लागले. आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर २०१६ साली रिओत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली, कांस्यपदकापासून अवघे ०.१५० गुण दूर. तिच्या प्रोदुनोव्हा उडीची काठिण्यपातळी ७.० होती हे सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि गुण उतरताना कुठे गेले तेही. निर्णय माणसाने दिला म्हणून खेळाचं खेळपण जात नाही. निर्णयाची झडती घेता येत नसेल, तर मात्र जातं.

आपल्या भाषेतही थोडा गुंता आहे. मराठीत लगोरीही खेळ आणि क्रिकेटही खेळ. नाटकाचा खेळ लागतो, बाहुल्यांचा खेळ होतो, डोंबाऱ्याचा खेळ रस्त्यावर चालतो. एका शब्दात मजा, स्पर्धा आणि प्रयोग तिन्ही आले. सरकारी कागदावर ‘क्रीडा’ येतो तो यांतल्या फक्त स्पर्धेसाठी. लहानपणी मला काही लोक "डोंबाऱ्यासारखी लटकतेस" म्हणत. त्यात कमीपणा दाखवायचा हेतू असे, आणि तो मला आजही मान्य नाही. बांबूवर बांधलेल्या दोरावरून काठी आडवी धरून चालणाऱ्या त्या मुलीचा तोल आमच्या कित्येक राज्य खेळाडूंपेक्षा सरस असतो, हे मी पंच म्हणून सांगते. फरक कौशल्याचा नाही. तिचा प्रयोग आहे, पोटासाठी आहे, आणि त्यात तिला कुणापुढे हरायची सोयच नाही. तिच्यासाठी चुकणं म्हणजे खाली पडणं, एवढंच. खेळात चुकायला जागा असते, चुकीचा हिशेब असतो आणि पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा असते.

हाच भेद टीव्हीवरच्या मंचाला लावा. छत्तीसगडच्या अबूझमाडमधल्या मल्लखांबपटूंनी २०२३ साली ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकलं. जंगलातल्या पाड्यांवरची ही मुलं, काय ताकद, काय धाडस! त्यांच्यामुळे लाखो घरांत मल्लखांब पोचला याचा मला अभिमान आहे. पण तिथे गायक, जादूगार आणि मल्लखांबपटू एकाच रांगेत उभे होते. तिथून बाद झालेल्या गायकाला कारण काय सांगणार? तो सुंदर प्रयोग होता. त्याच अकादमीची मुलं राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात तेव्हा खेळ असतो. अंग तेच, उडीही तीच, पण मंचावर ती रसिकांसमोर असते आणि स्पर्धेत मापासमोर.

आता बुद्धिबळ. तुमचा धाकटा खेळाडू आहे का? माझ्या कसोटीने निःसंशय. हरलेल्या डावाचा कागद उघडून ‘तेविसावी चाल चुकली’ असं दाखवता येण्याइतका स्वच्छ हिशेब दुसऱ्या कुठल्याच खेळात नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती खेळाडू आहे का असं कुणी विचारलं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाला १९९९ मध्ये मान्यता दिली. तरीही जगात यावर एकमत नाही. ब्रिजचं पाहा. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये तीच पानं वेगवेगळ्या टेबलांवर फिरवतात, म्हणजे चांगली पानं आली म्हणून जिंकलो असं उरतच नाही, नशीब बाजूला काढलेलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी त्यात भारताला सुवर्ण मिळवून दिलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी युरोपीय न्यायालयाने एका करविषयक खटल्यात निर्णय दिला होता की ब्रिजमध्ये शारीरिक भाग नगण्य आहे, म्हणून तो कर-सवलतीपुरता खेळ ठरत नाही.

म्हणजे घामाची अट घालायची का? मला ती अर्धवट वाटते. नेमबाज घाम गाळत नाही, तो श्वास आणि नाडी शांत करतो. तिरंदाजही तेच करतो. शरीराचा संबंध असावा असं मलाही आतून वाटतं, मी शरीराच्या शाळेत वाढले आहे. पण घामाचं माप लावलं तर शेतात दिवसभर भात लावणारी बाई सगळ्यांत मोठी खेळाडू ठरेल. तिच्या कष्टाला खेळ म्हणणं हा तिचा मान नव्हे.

इथे एक खरा आक्षेप येतो. हरलेल्याला कारण सांगता येणं एवढीच कसोटी असेल तर दहावीचा गणिताचा पेपरही खेळ होईल, आणि पाककृतीची स्पर्धाही. म्हणून दुसरी गोष्ट जोडावी लागते. खेळातली अडचण आपण मुद्दाम, आपल्या हौसेने घातलेली असते. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला उलट फिरायची आणि मधली पाटी ओलांडायची बंदी का? कबड्डीत एका दमात ‘कबड्डी’ म्हणत का जायचं? सरळ चालत जाऊन शिवलं तर काम लवकर होईल. पण मग खेळच उरणार नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला खो-खोचे नियम बसवले आणि १९२३ मध्ये बडोद्यात हिंद विजय जिमखान्याने हुतूतूच्या नियमबद्ध स्पर्धा घेतल्या. त्यांनी अंगणातल्या पळापळीला अशाच अडचणी नीट आखून दिल्या. त्या आखणीवर पुढे इमारती उभ्या राहिल्या. कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोचली. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला आणि दोन्ही गटांत भारत जिंकला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे.

दोराचंही तसंच आहे. वर पोचायचं असेल तर शिडी लावा. गाठ मारा, पाय टेकायला फळी बांधा. हे सगळं नाकारून पायाच्या दोन बोटांत दोर धरून वर झोपायचं, हे कुणाच्याही कामाचं नाही, आणि म्हणूनच ते खेळाचं आहे. गणिताचा पेपर पुढच्या वर्गात जाण्यासाठी असतो, स्वयंपाक जेवणासाठी. सीमेवर काही गोष्टी डळमळीत राहतील हे मी मान्य करते. गणिताच्या ऑलिंपियाडबद्दल कुणी माझ्याशी वाद घातला तर मी फार ताणणार नाही.

दहीहंडीवर मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण गोविंदा पथकांतली कितीतरी मुलं आमच्याकडे मनोरे शिकायला येतात आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हंडीच्या उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली आणि अठराच्या आतल्या मुलांना बंदी केली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि वयाची अट चौदावर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना क्रीडा कोट्यातल्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ जाहीर केला. त्यावर बराच वाद झाला. माझं मत असं, की गोकुळाष्टमीला रस्त्यावर होते ती दहीहंडी उत्सव आहे, आणि उत्सव असण्यात काही उणं नाही. पण कोणत्या चौकात किती थर लागले, पाऊस किती पडला, दोर किती उंच बांधला, कोणत्या पथकाला आधी सलामी मिळाली, हे सगळं वेगवेगळं असतं. तिथे बक्षीस असतं, समान माप नसतं. तेच पथक बंदिस्त मैदानात, गाद्यांवर, शिरस्त्राणं घालून, सगळ्यांना तेच थर आणि तेच घड्याळ अशा अटींवर उभं राहिलं की तो खेळ होतो. २०२३ पासून प्रो गोविंदा या स्पर्धेच्या रूपाने ते सुरूही झालं आहे. स्पेनच्या कातालोनियात मानवी मनोरे रचतात, त्यांचीही रस्त्यावरची परंपरा वेगळी आणि तारागोनाच्या मैदानातली स्पर्धा वेगळी. धोका आहे म्हणून एखादी गोष्ट खेळ होत नाही. उलट मुलांना विनाकारण धोक्यात घालत असेल तर ती खेळ म्हणून नापास झाली पाहिजे.

हे फक्त माझं म्हणणं नाही. जगभरच्या क्रीडा महासंघांच्या शिखर संघटनेने खेळ ओळखायला ज्या अटी घातल्या होत्या त्या साधारण अशा होत्या. स्पर्धेचा भाग असावा, नशिबावर भिस्त नसावी, खेळाडूच्या आरोग्याला अवाजवी धोका नसावा, कुठल्याही जीवाला इजा होऊ नये, आणि साहित्य एकाच पुरवठादाराकडून घ्यावं लागू नये. शेवटची अट वाचताना मला नेहमी आमचा खांब आठवतो. सागाचं किंवा शिसवीचं एक नीट लाकूड आणि एक सुतार, की झालं. याच संघटनेने २०१७ मध्ये ‘पोल स्पोर्ट’ला, म्हणजे धातूच्या खांबावरच्या स्पर्धांना, निरीक्षक दर्जा दिला. नाचघरातून आलेला तो प्रकार नियम, गुणपद्धती आणि पंच प्रशिक्षण घेऊन तिथवर पोचला. आपला खांब त्याच्याहून कितीतरी जुना, पण आंतरराष्ट्रीय कागदपत्रांत आपण उशिरा जागे झालो. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर झाली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्यामागे वर्षानुवर्षं राबलेल्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींनी दोरावरूनच टाळ्या वाजवल्या.

योगासनांबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने योगासनाला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. आसनाची स्पर्धा हा खेळ आहे, योग हा खेळ नाही. ध्यानाला गुण देता येत नाहीत आणि देऊही नयेत.

आता ‘ठरवतं कोण’ याचं व्यवहारातलं उत्तर. एखादी गोष्ट खेळ असणं आणि ती यादीत असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पालकांना त्रास होतो तो बहुतेक दुसऱ्याचा. मल्लखांब १९८१ पासून नियमबद्ध खेळ आहे, पण केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीच्या यादीत तो आला सप्टेंबर २०२० मध्ये, जेव्हा ४३ खेळांची यादी ६३ वर गेली. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत राष्ट्रीय पदकं घेऊन किती मुली नोकरीच्या रांगेतून परत आल्या, ते मी जवळून पाहिलं आहे. मध्य प्रदेशने तर २०१३ मध्येच मल्लखांबाला राज्याचा खेळ जाहीर केलं होतं. २०२० मध्ये योगेश मालवीय सरांना मल्लखांबासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०२२ च्या जूनमध्ये पंचकुल्यात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत आणि त्याच वर्षी गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांब होता, आणि सागर ओव्हाळकरला २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा कागदावरचा प्रश्नही आता सुटलेला आहे.

तुम्ही मात्र एक गोष्ट सांभाळा. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र पाहताना ती स्पर्धा कुणी घेतली ते वाचा. शालेय क्रीडा स्पर्धा, किंवा मान्यताप्राप्त राज्य संघटनेची स्पर्धा, असं असेल तर ते पुढे सवलतीच्या गुणांना आणि कोट्याला चालण्याची शक्यता. गल्लीतल्या उत्सवातलं मोठ्या चौकटीचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, पडताळणीत टिकत नाही. नियम बदलत राहतात, म्हणून दहावीच्या वर्षी कुणाच्या सांगण्यावर न जाता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. आणि मूळ प्रती कुणालाही देऊ नका.

आजोबांसाठी एक उपाय सुचवते, आमच्याकडे तो अनेक घरांत लागू पडला आहे. त्यांना पुढच्या स्पर्धेला घेऊन या आणि हातात वही-पेन्सिल द्या. मुलीच्या बाईंकडून पाच-सहा वजावटी आधी समजून घ्या. गुडघा, पंजा, थांबणं, पकड सरकणं, आसन लवकर सोडणं, एवढं पुरे. पहिल्या दोन मुली तशाच पाहू द्यात, तिसरीपासून त्यांना गुण लिहायला सांगा. दहाव्या मुलीपर्यंत त्यांचे आकडे पंचांच्या आकड्यांजवळ येऊ लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. नातीची पाळी आली की तिच्याही चुका लिहितात, आणि घरी परतताना तिला सांगतात. त्यांना पहिल्या रांगेत मात्र बसवू नका. बाजूला, पंचांच्या टेबलाच्या रेषेत बसवा. समोरून दोरीवरची अंगठ्याची पकड दिसत नाही.